सोमवारपर्यंत चालेल

ताईचा फोन आला तेव्हा मी माग्डेबुर्गहून आलेल्या एका गिऱ्हाइकाशी जुन्या कॉम्प्रेसरवरून हुज्जत घालत होते. ऑगस्टमधली सकाळ होती, गोदामाच्या पत्र्यावर ऊन चढत होतं. ताई म्हणाली, "कुंदा, हे गेले." मी विचारलं, "कुठं?" कारण दाजी सकाळी कुठे ना कुठे जातच असत. बागेत, बाजारात, नाहीतर नुसतेच स्टेशनवर गाड्या बघायला. ताई पुन्हा एवढंच म्हणाली, "गेले गं." मग मला कळलं... फोन खिशात टाकून मी वळले आणि राहिलेला सौदा पुरा केला. एक सेंटही सोडला नाही. गिऱ्हाईक गेल्यावर गोदामाचं दार आतून लावलं आणि मग रडले. दाजींना हे सांगता आलं असतं तर ते हसले असते. "शेठाणीबाई, माझ्या तेराव्याला तुम्ही पातेल्यांच्या भाड्यावरून भांडणार," असं ते मला कितीतरी आधी म्हणून चुकले होते.

दाजी म्हणजे श्रीधर क्षीरसागर, माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. आमच्या मिरजेकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. तरुणपणी ते मिरजेच्या इंजिन शेडमध्ये कामाला होते, मग एका प्रशिक्षणासाठी जर्मनीत आले आणि इथलेच झाले. ब्राउनश्वाइगच्या दक्षिणेला डोंगराकडे जाणारी एक लहान खाजगी रेल्वे आहे. तिच्या कारखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षं गाड्या तपासल्या. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. वकिलानं तसं बजावलं आहे, आणि खरं सांगायचं तर दाजींच्या नावाशेजारी ते नाव छापलेलं मला बघवणारही नाही.

अंत्यविधीला कंपनीकडून पुष्पचक्र आलं. पांढरी फुलं, रुंद रेशमी पट्टी, पट्टीवर सोनेरी अक्षरांत 'कृतज्ञतापूर्वक'. ते घेऊन आला होता कारखान्याचा फोरमन. इथे त्याला माइस्टर म्हणतात, मीही तसंच म्हणते. साठीला आलेला, लाल चेहऱ्याचा, काळा कोट अंगाला घट्ट झालेला. मी दारातच आडवी उभी राहिले. म्हटलं, "हे आत येणार नाही. परत न्या आणि ज्यांनी पाठवलं त्यांच्या टेबलावर ठेवा." ताई मागून माझा पदर ओढत होती. माइस्टरनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फुलांकडे, आणि त्याला येणारा एकुलता एक मराठी शब्द तो हळूच म्हणाला, "चालेल."

त्याला ते आदरानं म्हणायचं होतं, हे मला आज कळतं. त्या क्षणी मात्र मी पुष्पचक्र त्याच्या हातातून हिसकावून बाहेरच्या बाकावर आदळलं. त्याच एका शब्दानं दाजींना संपवलं होतं.

दाजी कधी कुणाशी भांडले नाहीत. मी जन्मभर फक्त तेच केलं. ताईच्या दुसऱ्या बाळंतपणाला म्हणून मी इथे आले आणि राहिले. लग्न केलं, ते मोडलं, तो या लेखाचा विषय नाही. एका भंगारवाल्याच्या कचेरीत पावत्या फाडायचं काम मिळालं. दर शनिवारी दाजी मला त्या भंगाराच्या ढिगांमधून फिरवायचे आणि एकेक वस्तू उचलून हातात द्यायचे. ही झडप अजून दहा वर्षं टिकेल, हा स्प्रिंग मेलेला आहे, हे बेअरिंग नुसतं धुऊन घेतलं की नव्यासारखं. लोकांनी फेकलेल्या वस्तूंत कशाला गिऱ्हाईक आहे ते ओळखण्यावरच माझा धंदा उभा राहिला. भांडवल मी जमवलं, जागा मी मिळवली, शिव्या मी खाल्ल्या आणि दिल्या. पण नजर दाजींची होती. आणि त्या माणसाला स्वतःसाठी मात्र काही म्हणजे काही मागता यायचं नाही. एकदा जुन्या बाजारात त्यांना एक छत्री आवडली. विकणाऱ्या बाईनं किंमत सांगितली आणि दाजी मराठीतच म्हणाले, "चालेल." मी छत्री उघडून तिची मोडकी काडी त्या बाईच्या नाकासमोर धरली, तर दाजीच मला म्हणाले, "अगं, पाऊस काय काड्या मोजून पडतो का?"

हा 'चालेल' त्यांनी कारखान्यात नेला. जर्मन लोकांनाही तो आवडला, कारण त्यांच्याकडे 'लॉइफ्ट' असा शब्द आहे. शब्दशः अर्थ 'चालतं', आणि म्हणायचं असतं 'सगळं ठीक आहे'. गाडीखालच्या खड्ड्यातून कुणी ओरडून विचारलं, "लॉइफ्ट?" की पोरं मजेनं "चालेल" म्हणायची. दाजींनी एकदा त्यांना नीट समजावूनही सांगितलं होतं. चालतंय म्हणजे उत्तम. चालवून घेऊ म्हणजे आज नाइलाज आहे. आणि चालेल हे या दोघांच्या मधलं. चालेल म्हणणारा माणूस मनातून राजी नसतो, पण समोरच्याला अडवत नाही. माइस्टर तेव्हा हसून म्हणाला होता, "बघा, हेर क्षीरसागर, आमच्याकडे अडवायचं असेल तर आम्ही सरळ 'नाईन' म्हणतो." नाईन म्हणजे नाही. दाजी ही गोष्ट आम्हाला जेवताना रंगवून सांगत. मीही हसले होते. तेव्हा मी हसायला नको होतं.

दाजींच्या कामात त्यांना सगळ्यात जवळची होती ती वाळू. वाचकांना आश्चर्य वाटेल, पण आगगाडीला वाळू लागते. इथे ऑक्टोबरात झाडांची पानं रुळांवर पडतात, पावसानं भिजतात, चाकांखाली चिरडली की रुळावर साबणासारखा काळा थर बसतो. मग ब्रेक दाबला की चाक थांबतं आणि गाडी मात्र घसरत राहते. अशा वेळी चालक बटण दाबतो आणि डब्याखालच्या पेटीतली कोरडी वाळू तोटीतून थेट चाकापुढे पडते. चाक पुन्हा रुळाला धरतं. वाफेच्या इंजिनांपासून चालत आलेली ही साधी युक्ती आहे. मिरजेच्या शेडमध्ये दाजींची पहिली नोकरीच वाळू भाजायची होती. भट्टीवरच्या तव्यावर ती परतायची, चाळायची, आणि मूठ कानाजवळ नेऊन सोडायची. कोरडी वाळू सळसळते, ओली गप्प पडते. ताईच्या घरी शिऱ्याचा रवा कायम दाजींनीच भाजायचा. "हे कानानं भाजतात," ताई पाहुण्यांना सांगायची, "माझा रवा ह्यांच्याकडे नापास."

युरो आल्यानंतर एक-दोन वर्षांत कंपनीचे मालक बदलले. नवा व्यवस्थापक आला. मी त्याला इथे साहेब म्हणते. चाळिशीचा, चांगले बूट, बोलणं मऊ. साहेबांनी पहिल्या वर्षी पाचही गाड्यांना नवा रंग दिला, निळा आणि लिंबासारखा पिवळा. दुसऱ्या वर्षी सुट्या भागांचं कोठार बंद केलं, कारण पडून असलेला माल म्हणजे अडकलेलं भांडवल. यापुढे लागेल तेव्हा मागवायचं. त्या गाड्या जुन्या होत्या, बनवणारा कारखाना बंद पडलेला. वाळूच्या तोटीच्या आत एक छोटी तापणारी तार असते, तिनं तोंडाशी ओल धरत नाही. त्या तारा गंजायला लागल्या. दाजींनी नव्या तोट्या मागितल्या. कोठार नाही, बनवणारा नाही, शोधायला कुणाला वेळ नाही. उत्तर आलं, पुढल्या तिमाहीत बघू. "गाडीचा रंग लोकांना दिसतो," दाजी म्हणाले, "वाळू दिसत नाही. ती कुणाला दिसली तर समज की गाडी वाचली." त्यांच्या आवाजात तेव्हाही राग नव्हता. मला तो नसण्याचाच राग यायचा.

त्याच सुमारास कागदाच्या वहीऐवजी संगणकावर नोंदी सुरू झाल्या. प्रत्येक भागापुढे दोन चौकोन, हिरवा आणि लाल. हिरवा म्हणजे गाडी जाऊ द्या. लाल म्हणजे गाडी जागच्या जागी उभी, आणि का उभी याचं उत्तर माइस्टरनं साहेबांना लेखी द्यायचं. लाल चौकोन कुणी दाबेना. पूर्वी वहीत दाजी समासात लिहायचे, 'अमुक दिवसापर्यंत ठीक, मग बदला'. संगणकाला समास नव्हता. माझी भाची, ताईची लेक रेवा, वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. दाजींनी एकदा तिला विचारलं, तिसरा रंग घालायला किती काम असतं? तिनं खांदे उडवले. "आइन नाखमिटाग, पापा." एक दुपार. एका दुपारच्या कामासाठी साहेबांना सवड नव्हती.

पण दाजींची स्वतःची एक रेल्वे होती, आणि ती ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालायची. रविवारी जेवणं झाली की मिठाची बाटली स्टेशन व्हायची, चमचे रूळ व्हायचे, आणि दाजी सांगायला लागायचे. त्यांच्या रेल्वेत ज्याच्या हाताला ग्रीस लागलं असेल त्याचीच सही चालायची, इस्त्रीच्या बाहीतल्या हाताची नाही. दुरुस्ती पुढे ढकलायला त्यांची हरकत नव्हती. रेल्वेत रोज काही ना काही पुढे ढकलावंच लागतं. मात्र जो ढकलेल त्यानं तिथे स्वतःचं नाव लिहायचं, आणि किती दिवसांसाठी तेही. "अगं, नाव लिहायचं म्हटलं की माणूस जागा होतो," ते म्हणायचे. पाच गाड्यांमागे प्रत्येक जुन्या भागाचा एक जोड आधीच आणून ठेवायचा, मोडण्याची वाट बघायची नाही. आणि पानगळीतल्या सगळ्यात वाईट आठवड्यात सकाळच्या पहिल्या गाडीनं व्यवस्थापकानं प्रवास करायचा, शेवटच्या स्टेशनापर्यंत, पुढच्या डब्यात बसून. ताई भांडी विसळता विसळता म्हणायची, "अहो, तुमच्या रेल्वेत तिकीट काढायला कोणी येणार आहे का?" "तू ये," दाजी म्हणायचे, "तुला फुकट." मी म्हणायचे, "दाजी, हे इथे मिठाच्या बाटलीला काय सांगताय, तिकडे टेबलावर मूठ आपटून सांगा." ते मिठाची बाटली जागेवर ठेवून द्यायचे.

मग तो शुक्रवार आला. ऑक्टोबर होता. तिसऱ्या क्रमांकाच्या गाडीच्या एका तोटीतून वाळू येईना. दाजींनी ती खोलली, साफ केली, हातानं वाळवली, पुन्हा बसवली. आत तार मेलेलीच होती. माइस्टर खड्ड्याच्या काठावर उभा राहून म्हणाला, शनिवार-रविवारी ही गाडी लागणारच आहे, दुसरी नाही. जाईल का? दाजींनी वर पाहिलं आणि म्हणाले, "चालेल... बिस मोंटाग." सोमवारपर्यंत. माइस्टरनं ऐकलं ते 'लॉइफ्ट', आणि संगणकावर हिरवा चौकोन दाबला. 'सोमवारपर्यंत' लिहायला तिथे जागा नव्हती. सोमवारी दाजींनी विचारलं, गाडी आत का घेतली नाही? ती हिरवी आहे, असं उत्तर मिळालं. त्यांनी नवी मागणीची चिठ्ठी लिहिली. मंगळवारी आणखी एक. पुढल्या आठवड्यात बारीक पावसात ती गाडी डोंगरातल्या शेवटच्या स्टेशनात घसरत शिरली आणि रूळ संपतो तिथल्या अडथळ्यावर आदळली. वेग फार नव्हता. उतरायला आधीच उठून उभ्या राहिलेल्या एका म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं, चालक बाईचं मनगट गेलं. कुणी दगावलं नाही, म्हणून वर्तमानपत्रात चार ओळी आल्या.

कंपनीनं आपली चौकशी केली. एका टेबलामागे साहेब, वकील आणि माइस्टर, समोर दाजी. त्यांना विचारलं, गाडी जाऊ द्यायला तुम्ही तोंडी होकार दिला होता का? दाजी म्हणाले, "जा." म्हणजे हो. एवढंच. मी नंतर त्यांच्यावर किती ओरडले याला हिशेब नाही. "दाजी, तुम्ही सोमवारपर्यंत म्हणाला होतात. चिठ्ठ्यांच्या नकला घरात आहेत. चालेलचा अर्थ काय ते त्यांना का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "म्हटलं होतं ना मी, कुंदा. म्हणायला नको होतं. त्या बाईचं हाड काही मराठी समजून मोडलं नाही." त्यांची चूक ही होती. आपल्या माणसांची ही जुनी खोड आहे. समोरच्याचा खोळंबा नको म्हणून आपण चालेल म्हणतो, आणि पुढे जे होतं ते एकट्यानं निस्तरतो. अहवालात वाक्य आलं, 'निरीक्षक श्री. क्षीरसागर यांनी दिलेल्या तोंडी मंजुरीमुळे'. मागणीच्या चिठ्ठ्यांचा उल्लेख नाही, बंद केलेल्या कोठाराचा नाही. आणि दाजींना खड्ड्यातून काढून कारखान्याच्या खिडकीत बसवलं, कामगारांना हातमोजे द्यायला. सत्तावीस वर्षं ज्यांनी गाड्यांची चाकं ऐकली ते निवृत्तीपर्यंत विचारत बसले, मोठे हवेत की मध्यम.

मी त्या दिवशी ठरवलं की ही कंपनी एक दिवस माझ्या दारात येईल. त्या तोट्या कुठे ना कुठे असणारच हे मला माहीत होतं. मी दोन वर्षं शोधल्या. ऑस्ट्रियात एका बंद कारखान्याच्या तळघरात, हॉलंडमधल्या एका भंगारवाल्याकडे, एकेक करत सगळ्या उचलल्या. मागणाऱ्याला दुसरीकडे एकही मिळू नये इतक्या. पाच गाड्या, गाडीमागे चार तोट्या, वीस. वीसच जमल्या. तारा तपासून घेतल्या, तेलकट कागदात गुंडाळून खोक्यात भरल्या आणि गोदामात ठेवून दिल्या. कंपनी दर पानगळीत ओल्या दिवशी गाड्या बंद ठेवून बस सोडत होती. मी वाट बघत होते.

या वर्षी जूनमध्ये दाजी गोदामात आले होते. त्यांना नजर होतीच. खोक्यापाशी थांबले, एक तोटी उचलली, कागद सोडला, तोंडाशी नेऊन फुंकली. "ह्या इथं काय करतायत?"

"वाट बघतायत."

"कुणाची?"

"त्यांची. नाक घासत येतील."

ते काही क्षण तोटी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "कुंदा, ही वाळूसाठी असते. भांडणासाठी नाही. उद्या फोन करून देऊन टाक."

"नाही देणार."

त्यांनी तोटी पुन्हा कागदात गुंडाळली, आधी होती त्याहून नीट. या खेपेला ते चालेल म्हणाले नाहीत. म्हणाले, "मला हे पटलेलं नाही." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते माझ्या वाट्याला आलं... तीच आमची शेवटची धड भेट. ऑगस्टमध्ये बागेत टोमॅटोच्या वाफ्याशेजारी ते खुर्चीत बसलेले सापडले.

सप्टेंबरमध्ये साहेब आले. स्वतः, एकटे, गोदामात. चांगल्या बुटांना माझ्या अंगणातला चिखल लागला ते मी बघून घेतलं. सरकारी कंत्राटाची मुदत संपत होती. या पानगळीत वाळूची यंत्रणा चालू स्थितीत दाखवली नाही तर मार्ग दुसऱ्या कंपनीला जाणार होता. तोट्या माझ्याकडेच आहेत हे त्यांना कळलं होतं, आणि मी कोण तेही. "तुम्ही किंमत सांगा," ते म्हणाले. मी म्हटलं, "अहवालातलं ते वाक्य काढा." ते म्हणाले, अहवाल बंद झाला आहे, विमा कंपनीकडे गेला आहे, आता त्याला हात लावता येत नाही. मी म्हटलं, मग खोक्यालाही हात लावता येत नाही. ते तीनदा आले. तिसऱ्या वेळी मऊ आवाज संपला आणि ते म्हणाले, यामुळे माणसांच्या नोकऱ्या जातील. मी म्हटलं, "हातमोजे वाटायची जागा रिकामी आहे." फार बरं वाटलं मला. खोटं का लिहू.

तोवर ही गोष्ट ताईच्या कानावर गेली. ताई त्याच मार्गावरच्या गावात राहते, तिला गाडी चालवता येत नाही. डॉक्टर, बाजार, माझं घर, सगळं त्या निळ्या-पिवळ्या गाडीनं. ती आली आणि उभ्यानंच बोलली.

"तू त्यांना तोट्या देत नाहीस म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"शेजारच्या बाईनं. तिची पोरं त्या गाडीनं शाळेत जातात. कुंदा, ह्यांनी तुला जूनमध्ये काय सांगितलं होतं ते मला माहितीये. घरी येऊन जेवले नाहीत त्या दिवशी."

मी तावातावानं म्हटलं, "ताई, त्यांनी दाजींचं नाव चिखलात घातलं आणि तू त्यांना तोट्या दे म्हणतेस?" ताई म्हणाली, "मी कुठं त्यांना फुकट दे म्हणते? तू एवढी सौदे करणारी. नुसता नकार द्यायला अक्कल लागत नाही." एवढं बोलून ती तिच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेली. मला आयुष्यात इतकं कुणी सुनावलं नव्हतं, आणि ती बरोबर होती.

दोन दिवस विचार केला. अहवाल कपाटात जातो, तो कुणी वाचत नाही. पण ब्रेकचा किंवा वाळूच्या यंत्रणेचा सुटा भाग गाडीला बसवला की तो कुठून आला, कुणी मागवला, याचा कागद त्या गाडीच्या फायलीत लावावा लागतो. ती फाईल कारखान्यात असते, प्रत्येक कारागीर ती उघडतो, आणि गाडी भंगारात जाईपर्यंत तिच्यातला कागद काढता येत नाही. हे मला भंगाराच्या ढिगात उभं राहून दाजींनीच शिकवलं होतं. मी वीस तोट्यांसाठी वीस पावत्या छापल्या. माल पोचल्याची पावती, नेहमीसारखी, फक्त काही रकाने जास्तीचे. हा भाग पहिल्यांदा कधी मागितला. कुणी मागितला. पुढे कुणी ढकलला. किती वेळा. आणि खाली सही. ताईला निरोप दिला, दाजींच्या चिठ्ठ्यांच्या नकला घेऊन ये.

साहेब चौथ्यांदा आले तेव्हा खोकं टेबलावर होतं आणि शेजारी पावत्यांचा गठ्ठा. ताई कोपऱ्यातल्या खुर्चीत, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसली होती. मी म्हटलं, किंमत बाजारात असते तीच, एक सेंट जास्त नाही. प्रत्येक तोटीमागे एक पावती, तुमच्या हातानं भरलेली, टाईप केलेली नको. साहेबांनी पहिली वाचली. पुन्हा वाचली. "याचा अर्थ कबुली दिल्यासारखा होतो," ते म्हणाले.

"गेनाऊ," मी म्हटलं. अगदी बरोबर.

ते अंगणात जाऊन वकिलाशी बोलत राहिले. मी आणि ताईनं चहा घेतला. आत येऊन म्हणाले, त्याऐवजी अहवालाला एक पुरवणी जोडू, सौम्य शब्दांत, बघा. दोन आठवड्यांपूर्वी मी ती आनंदानं घेतली असती. आता मी म्हटलं, नको. कंत्राटाची तारीख मला ठाऊक होती आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. मी त्यांना पेनही दिलं नाही, त्यांचंच काढायला लावलं.

साहेब बसले. ताईनं पिशवीतून चिठ्ठ्या काढून गाड्यांच्या क्रमांकानं मांडल्या. पहिल्यांदा कधी मागितला, ते चिठ्ठीवरून उतरवलं. पुढे कुणी ढकलला, तिथे पेन थांबलं. मी घड्याळाकडे पाहिलं. त्यांनी आपलं स्वतःचं नाव लिहिलं. मग 'कुणी मागितला' या रकान्याशी परत आले. चिठ्ठीवर दाजींची नुसती सही होती. त्यांनी मान वर करून मला विचारलं, आडनाव कसं लिहायचं?

मी तोंड उघडणार तेवढ्यात ताई बोलली. चौतीस वर्षं या देशात राहून जी जर्मन माणसापुढे कायम दाजींच्या मागे उभी राहिली, ती ताई. मिरजेच्या उच्चारात, एकेक जर्मन अक्षर सुटं करून, पोराला गिरवायला सांगावं तसं. "का... एस... हा... ई... एर..." साहेब लिहीत होते. "एस... आ... गे... आ... एर." तिनं वाकून कागद बघितला आणि पुढची पावती त्यांच्यासमोर सरकवली.

तिसऱ्या पावतीपासून साहेबांना विचारायची गरज राहिली नव्हती. ताई तरी विसाव्या पावतीपर्यंत अक्षरं सांगत राहिली, आणि तिचं अक्षर येईपर्यंत साहेबांना पेन उचलून थांबावं लागलं.